शिंगणापूरचं कुलूप

परवा माझ्या भाचेसुनेनं एका बाईंना माझी ओळख करून दिली. "या आमच्या नलूआत्या. यांची पुस्तकांची एजन्सी होती." त्या बाईंनी लगेच पदर सारखा करून आदरानं विचारलं, कसली पुस्तकं? मी म्हटलं, चित्रांची. बत्तीस पानी. राक्षस, बुरखेवाले दरोडेखोर, झाडावरून उड्या मारणारे पहिलवान. त्यांचा आदर जागच्या जागी ओसरला आणि त्या चहाकडे वळल्या. मला याची सवय आहे. आयुष्यभर मी लोकांच्या मुलांना बिघडवायचा माल पुरवला, असं नगरमधल्या निम्म्या मास्तरांचं मत होतं. उरलेले निम्मे मास्तर माझ्याकडूनच विकत घेत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेत.

एजन्सी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वर्तमानपत्रं, मासिकं आणि मुंबईच्या एका कंपनीच्या चित्रकथा. अप्पांना पक्षाघात झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि घरच्यांच्या भाषेत 'राहून गेले' होते. दोघे भाऊ नोकरीला लागलेले, त्यांना पहाटे उठून गठ्ठे सोडण्यात रस नव्हता. वर्तमानपत्रांची एजन्सी काकांनी घेतली. चित्रकथा कुणालाच नको होत्या, म्हणून त्या माझ्या वाट्याला आल्या. मीही ठरवलं, की उष्टं म्हणून मिळालेलं असलं तरी आता हे मी सोडणार नाही.

कंपनीचे पाटणकर साहेब मुंबईहून येऊन मला बघून गेले. बघून गेले म्हणजे अगदी मुलगी बघावी तसं. शिक्षण किती, प्रवास झेपेल का, लग्न ठरलं तर पुढे काय. शेवटी म्हणाले, "एक वर्ष चालवून दाखवा. तोपर्यंत कागद वडिलांच्या नावावर राहतील. वर्षानं मी परतीचा माल तपासीन आणि नाव बदलायचं का ते ठरवीन." त्या वर्षात मला दुसरं काही दिसत नव्हतं. माझं नाव छापलेली एक पावती मला हवी होती.

परतीचा माल म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. दुकानदार अंक घेतो तो एका बोलीवर, की विकला गेला नाही तर परत घ्यायचा. तो मी घ्यायचा आणि मी कंपनीला परत करायचा. कंपनीची अट एकच. प्रत कोरी हवी. दुमड नको, डाग नको, पानाचा कोपरा मऊ पडलेला नको. पाटणकर साहेब प्रत उघडतसुद्धा नसत. अंगठा पानांच्या कडेवरून सर्रकन फिरवत आणि कान देत. न वाचलेल्या प्रतीचा आवाज करकरीत येतो. वाचलेला माल कोरा म्हणून परत पाठवणं ही धंद्यातली सरळ फसवणूक होती, आणि त्या एका गोष्टीवर त्यांनी सोलापूरकडची एक एजन्सी बंद केल्याचं ते मला दोनदा सांगून गेले होते.

अप्पा चित्रकथा स्टँडवरच्या स्टॉलांना देत. तिथं त्या साप्ताहिकांच्या खाली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना लटकत आणि उन्हानं पिवळ्या पडत. मी ठरवलं, की फक्त चित्रकथांची दुकानं काढायची. सगळे हसले. काका म्हणाले, उद्या फक्त गुळाच्या खड्यांचं दुकान काढशील. पण मी एस.टी.नं गठ्ठे घेऊन हिंडले आणि पहिल्या दोन महिन्यांतच तीन दुकानं उभी केली. एक नगरला, कॅम्पच्या रस्त्याला. तिथं लष्करातले जवान येत. त्यातला एक दक्षिणेकडचा हवालदार मराठी शिकायला चित्रकथा घ्यायचा. तो बोलायला लागला तेव्हा सगळं दरोडेखोरांसारखंच बोलायचा. दुकानदाराला म्हणायचा, "थांब, दुष्टा, पैसे देतो."

दुसरं दुकान मिरजगावला, हमरस्त्यावर एका शिंप्याच्या पडवीत. ते ट्रकवाल्यांवर चाललं. एका ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं. तो क्लीनरकडून वाचून घ्यायचा आणि क्लीनर कंटाळला की शेवट बदलून लवकर संपवायचा, हे त्याला सहा महिन्यांनी दुसऱ्या क्लीनरकडून कळलं. त्यानं जुने सगळे अंक पुन्हा विकत घेतले. असली गिऱ्हाइकं देव सगळ्यांना देवो.

तिसरं दुकान शनिशिंगणापूरला. तेव्हा ते आजच्यासारखं नव्हतं. घोडेगावला एस.टी.तून उतरायचं आणि पुढं मिळेल त्या बैलगाडीनं नाहीतर पायी जायचं. शनिवारी आणि अवसेला माणसं येत, एरवी गाव आपलं आपल्यात. सोपानराव नावाचे एक शेतकरी, त्यांच्या भावाचं तेल-नारळाचं दुकान होतं आणि त्याला लागून एक रिकामा खण. मी सोपानरावांना पटवलं. देवाला आलेली माणसं पोरांसाठी काहीतरी घेऊन जातातच, मग चित्रकथा का घेणार नाहीत? त्यांनी फळ्या ठोकल्या. दुकानाला दार नव्हतं, कारण गावात कुणाच्याच घराला नव्हतं. कुत्री आत येऊ नयेत म्हणून एक आडवी फळी, बस. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. चोरी होणार नाही, अशा गावात दुकान असण्यासारखं सुख नाही.

पहिले काही महिने बरे गेले. मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या, रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आली, आणि सोपानराव आणि त्यांची बायको हौसाबाई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. देवाला येणारी माणसं तेल तेवढं घेऊन यायची आणि तेल वाहून जायची. शिंगणापूरहून अंक परत येऊ लागले. पंचवीस पाठवले की पंचवीस. एकही हरवलेला नाही, एकही फाटलेला नाही, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यावर तेलाचा अंगठा. पानं मऊ, मधेच मिलोचं पीठ. पाटणकर साहेबांनी तो गठ्ठा जसाच्या तसा परत पाठवला, सोबत दोन ओळींचं पत्र. असा माल पुन्हा आला तर वर्ष पुरं व्हायची वाट बघणार नाही.

मी दुसऱ्याच दिवशी घोडेगावची एस.टी. धरली. सोपानरावांना न कळवता, भर दुपारी पोचले. दुकानात मालक नव्हता. पण दुकान भरलेलं होतं. खडीवरच्या आठ-दहा बायका जेवणाच्या सुट्टीत सावलीला बसल्या होत्या. अंगावर दगडाची पांढरी धूळ. मधे हौसाबाई. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी अंक छातीशी धरला होता, चित्रं बायकांकडे करून, आणि त्या स्वतः वरून डोकावून अक्षरं उलटी वाचत होत्या. सरळ धरलं तर बायकांना चित्रं दिसत नाहीत, म्हणून त्या उलटं वाचायला शिकल्या होत्या. घडघड वाचत होत्या. बाकीच्या बायकांनीही फळीवरचे दुसरे अंक हातात घेतले होते आणि आपापली चित्रं बघत होत्या. सुट्टी संपली, तशी प्रत्येकीनं आपला अंक होता तिथं ठेवला, पदरानं फळी पुसली आणि निघाल्या.

आज मला वाटतं, की त्या दिवशी मी तिथं बसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते दोन ओळींचं पत्र होतं. मी हौसाबाईंना थांबवलं आणि विचारलं, विकायचा माल असा फुकट वाचायला देतात का? त्यांना माझा राग कळलाच नाही.

"ताई, एक बी पुस्तक कुनी घरी न्हेलं न्हाई. वाचल्यानं अक्षरं झिजत्यात व्हय?"

त्यांच्या लेखी चोरी झाली नव्हती. माझ्या लेखी सगळं दुकान लुटलं गेलं होतं. मी परतीची अट समजावून सांगितली. सोपानराव खडीवरून आले, मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं करू. मी काय म्हटलं, ते लिहायला मला आजही लाज वाटते. पुढच्या शनिवारी मी नगरहून लोखंडी ट्रंक पाठवली आणि तिच्याबरोबर पितळी कुलूप. अंक ट्रंकेत ठेवायचे, दुकानात माणूस असेल तेव्हाच उघडायची. ज्या गावात दाराला कडी नाही, त्या गावात मी कुलूप नेलं. आणि कसा बंदोबस्त केला म्हणून घरी येऊन अप्पांना ऐटीत सांगितलं. अप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी ते शाबासकी म्हणून घेतलं.

तीन महिने शिंगणापूरचे अंक कोरे करकरीत परत येत राहिले. मला आनंद झाला. विक्री शून्यच होती, पण ती दुष्काळामुळे, असं मी धरून चालले. मग हिशेबाला म्हणून गेले, तर दुकानात ट्रंक होती, तिला कुलूप होतं, आणि शेजारच्या खिळ्याला, हात लांबवला तर पोचेल अशी, त्याच कुलपाची किल्ली टांगलेली होती.

मी कपाळाला हात लावला. किल्ली इथं टांगायची तर कुलूप कशाला लावलं, असं सोपानरावांना विचारलं. ते म्हणाले, लोक येतील, वाचायचं असेल ते काढून घेतील, असं वाटलं होतं. मग काढलं का कुणी? नाही म्हणाले. तीन महिन्यांत किल्लीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. बायका दुपारी सावलीलासुद्धा इकडे येत नव्हत्या, पलीकडे लिंबाखाली बसत होत्या. गावात सोपानरावांना विचारणं सुरू झालं होतं, की ट्रंकेला कुलूप घातलं, आता ज्वारीच्या कणगीला कधी घालणार? त्यांचा भाऊ त्यांच्याशी बोलायचा थांबला होता. यातलं एक अक्षर त्यांनी मला कळवलं नव्हतं, कारण दुकान गेलं तर माझं नाव लागायचं राहील, हे त्यांना ठाऊक होतं.

हौसाबाई आल्या. मला पाणी दिलं. पाण्याची किती टंचाई होती तेव्हा, आणि तरी आधी पाणी दिलं. मी म्हटलं, किल्ली समोरच होती, तुम्ही तरी घ्यायची.

त्या म्हणाल्या, "उघड्यावरचं वाचून जागच्या जागी ठिवलं, ती चोरी न्हवं. कुलूप काढून घ्यायचं म्हंजे चोरी. तुमी कुलूप लावलं तवाच आमी चोर झालो, ताई. किल्ली घेऊन अजून कशाला व्हायचं?"

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नुसतं समजावून सांगत होत्या, मी त्यांना परतीची अट समजावली होती तसं. मी त्या ट्रंकेवरच बसले आणि चांगली रडले. मग उठले, किल्ली घेतली आणि कुलूप काढलं. सोपानराव म्हणाले, राहू द्या, कुणी बघत नाहीये. मी म्हटलं, कुणीतरी बघायलाच हवं. खडीवरची सुट्टी होईपर्यंत थांबले. बायका लिंबाखाली जायला लागल्या, तेव्हा हौसाबाईंनी त्यांना बोलावलं, आणि त्यांच्यासमोर मी अंक ट्रंकेतून काढून फळीवर मांडले. कुलूप पिशवीत घातलं. त्या एकेक करून आत आल्या. आपापल्या जागी बसल्या.

त्यानंतर मी शिंगणापूरला प्रत्येक अंकाच्या दोनच प्रती पाठवायला लागले. एक हौसाबाईंच्या बायकांसाठी, एक वरच्या आळीसाठी. आणि परत काय आलं, तर दर वेळी कोऱ्या प्रती. मला वाटलं, पुन्हा रुसल्या की काय. जाऊन बघितलं तर प्रत्येक अंकाला रद्दीच्या कागदाचं कव्हर घातलेलं. वाचण्याआधी हौसाबाई मिलोच्या कोंड्यानं हात घासून घ्यायच्या, कारण पाणी हात धुण्यापुरतं नव्हतं. पान फक्त त्याच उलटायच्या, बोटाच्या टोकानं. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. परत पाठवताना कव्हर काढून ठेवायचं आणि पुढच्या अंकाला घालायचं. माझी परतीची अट त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली होती.

आणि मी? मी ते अंक उचलून मुकाट्यानं परतीच्या गठ्ठ्यात घातले. ते वाचलेले आहेत, हे मला माहीत होतं. करकरीत आहेत ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगत होते.

वर्ष पुरं झालं आणि पाटणकर साहेब नगरला आले. आमच्या ओसरीवर गठ्ठे मांडले. ते एकेका दुकानाचा गठ्ठा सोडत, अंगठा फिरवत आणि टिपून घेत. कॅम्पचं दुकान उत्तम. मिरजगाव त्याहून उत्तम. मग शिंगणापूर. त्यांनी प्रत्येक प्रतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. सगळ्या पास. मग वही मिटून म्हणाले, "बाई, काम चांगलं केलंत. एकच सांगतो. गेल्या सहा महिन्यांत शिंगणापूरला एक प्रत विकली गेली नाही, एक कुणी उघडून बघितली नाही. त्या गावात वाचणारं कुणी नाही. ते दुकान बंद करा, मी आजच कागद तुमच्या नावावर करतो."

कागद त्यांनी आणलेच होते. नावाची जागा रिकामी होती. मला फक्त बरं म्हणायचं होतं. दुकान तसंही चालत नव्हतं. सोपानरावांनी एका शब्दानं दोष दिला नसता.

पण 'वाचणारं कुणी नाही' हे माझ्यानं ऐकवेना. उलटी अक्षरं वाचणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि मांडीवर हात ठेवून बसलेल्या त्या दहाजणी.

"साहेब, त्या गठ्ठ्यातली प्रत्येक प्रत वाचलेली आहे," मी म्हटलं. "सगळ्या गावानं."

पाटणकर साहेबांनी उघडलेलं पेन कागदावर आडवं ठेवलं. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "मी हे ऐकलं नाही असं समजतो. पुन्हा विचारतो. हा माल कोरा आहे ना?"

मागच्या खोलीत अप्पा पडून होते आणि त्यांना ऐकू येत होतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाही. वाचलेला आहे, आणि मला ठाऊक असताना मी तो परतीत घातला. बाकीच्या दुकानांचा कोरा आहे. शिंगणापूरचा मी माझ्या पैशानं ठेवून घेते. यापुढं तिथली एकही प्रत परत येणार नाही, पण दुकान राहील."

त्यांनी पेन मिटलं. एजन्सी काढून घेतली नाही, तेवढी मेहेरबानी केली. कागद जसेच्या तसे बॅगेत गेले. पुढं चौदा वर्षं, अप्पा गेल्यानंतरसुद्धा, मी पावत्यांवर अप्पांच्या नावाखाली 'करिता' असं लिहून सही करत राहिले. कंपनी बंद पडली तेव्हा एजन्सीही कागदोपत्री अप्पांचीच म्हणून बंद पडली. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. दर पावतीला झालं.

त्या तपासणीनंतरच्या आठवड्यात मी तो वाचलेला गठ्ठा घेऊन शिंगणापूरला गेले. हे आता परत जाणार नाहीत, इथंच राहतील, असं सांगितलं. खरं कारण सांगायचं नव्हतं, पण सोपानरावांनी विचारलंच, की ताई, नाव लागलं का? मी सांगितलं, नाही लागलं. का लागलं नाही तेही मग सांगावं लागलं. सोपानराव खाली बघत राहिले. मला वाटलं, यांच्या जिवाला उगीच घोर लावला, थाप मारली असती तर बरं झालं असतं.

हौसाबाईंनी कोंड्याची वाटी उचलली आणि हात घासायला घेतले. मी म्हटलं, आता त्याची गरज नाही, डाग पडला तरी चालेल. त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही हात नीट घासून झाल्यावर म्हणाल्या, "कागदावर कुनाचं बी नाव असूं द्या. आमी तर तुमचीच वाट बघतो, ताई."

खडीवरची सुट्टी संपायला अजून थोडा वेळ होता. मी गठ्ठ्याची सुतळी कापली आणि त्या बायकांत बसले.